टोपलं घेऊन कुठे गेली होतीस, जैनी?

जैनी, तुला मातीआड करून आलो त्या दिवसापासून लोक मला एकच विचारताहेत. कोंबड्यांच्या रोगानंच गेली ना ती? पीठगिरणीत विचारतात, नळावर विचारतात. ब्लाउज शिवायला टाकायला आलेली बाई माप देता देता विचारते. सुरुवातीला मी नीट समजावून सांगितलं, की मलेरिया होता, ताप डोक्यात चढला, गडचिरोलीच्या दवाखान्यात तसंच सांगितलं. मग माझं डोकं फिरलं. परवा एकीला म्हटलं, "मानमोडीनं मानूस मरत असता तं पयले मी मेली असती. तिच्यासंगं मीबी कोंबड्यायच्या चोचीत बोटं घातले ना." तिनं कापड उचललं आणि चौकातल्या दुसऱ्या शिंप्याकडे गेली. जाऊ दे तिला.

तुझं लग्न कधी झालं, नवरा कधी गेला, अंगणवाडीत किती वर्षं खिचडी रांधलीस, हे सगळं अंगणवाडीच्या मॅडम सांगतील. तुझ्या मातीच्या दिवशी त्यांनी सांगितलंही, छान बोलल्या. मला त्यातलं काही बोलायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि तू मधूनच उठून गेलीस, म्हणून मी ही वही घेऊन बसले आहे. समोर असतीस तर मी लिहिलं नसतं, कुडाशी येऊन ओरडले असते.

त्या कुडाचंच बघ. एटापल्लीच्या या टोकाला तुझं घर आणि माझं घर, मध्ये बांबूचा कूड, आणि कुडाला कोंबड्यांनी पाडलेली भोकं. खुराडं तुझ्या अंगणात, कोंबड्या दोघींच्या. काही मी बाजारातून आणलेल्या, काही तू माहेराहून टोपल्यात घालून आणलेल्या. पुढे त्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली, आणि कुठली कोणाची हे आपल्यालाही सांगता येईना. आमच्या घरी पाहुणे आले की मी तुला न विचारता एखादी धरायची आणि तुझ्याकडे कुणी आलं की तू मला न विचारता धरायचीस. त्यावरून आपण कधी भांडलो नाही. भांडलो ते अंड्यांवरून.

सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी तू एकेकीला काखेत धरायचीस आणि मागून बोटानं चाचपायचीस. आज अंडं घालणारी डालग्याखाली झाकायची, न घालणारी मोकळी सोडायची, म्हणजे कुणी शेजाऱ्याच्या कडब्यात जाऊन अंडी घालायला नको. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा तोंडाला पदर लावला होता. तू म्हणालीस, "नाक कायले मुरडतं वं? तू कापड चाचपून सांगतं ना, सुती हाये का टेरीकाट. तसंच हाये हे." मग तू मला शिकवलंस. मला ते कधी धड जमलं नाही. मी झाकलेली कोंबडी दिवसभर डालग्याखाली बोंबलत बसायची आणि मी सोडलेली कोंबडी आमच्या ह्यांच्या पंक्चरच्या दुकानात, टायरच्या ढिगात अंडं घालून यायची. तू हसून हसून लोळायचीस.

यंदा थंडी सरता सरता अंडी कमी झाली. जी यायची तीही पातळ कवचाची, उचलताना बोट आत जाईल अशी. मी म्हटलं चुना कमी पडतोय, अंड्यांची टरफलं भाजून, कुटून चारू. तू म्हणालीस टरफल चारलं की कोंबडीला चव लागते आणि ती आपलंच अंडं फोडून खाते. मी म्हटलं, भाजून कुटल्यावर तिला काय कळतंय. तू म्हणालीस, तुला कळतं ना बिर्याणीत कोंबडी आहे का बकरा. दोन दिवस आपण याच्यावर तावातावानं बोललो. तिसऱ्या दिवशी तू नाल्यावरून ओटीभर शिंपल्या घेऊन आलीस, चुलीत भाजल्यास, पाट्यावर कुटल्यास आणि कोंड्यात कालवून कोंबड्यांपुढे ठेवल्यास. माझ्याकडे बघितलंही नाहीस. तुझी रीतच ती होती. समोरच्याचं पटलं तरी तोंडानं हो म्हणायचं नाही, करून मोकळं व्हायचं. हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

कवडीचं अंडं अडकलं तो दिवस मला फार आठवतो. ती ठिपक्यांची, आपली सगळ्यांत जुनी. सकाळपासून शेपूट खाली घालून बसली होती, जोर लावत होती आणि काही होत नव्हतं. तू हात लावलास आणि म्हणालीस, आडवं आलंय. मी घाबरून म्हटलं, दाबून फोडून काढू, निदान ती तरी सुटेल. तू माझा हात झटकलास. "आत फुटलं का मेली ते. टरफल आतमंदी चिरते. पानी गरम कर." मी घमेल्यात कोमट पाणी आणलं. तू तिला पोटापर्यंत त्यात बसवलंस, बोटाला एरंडेल लावलंस आणि तिच्याशी तुझ्या गोंडीत बोलत राहिलीस. तू काय बोलत होतीस मला कळलं नाही. मी तिची पाठ धरून बसले होते, तिचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं, आणि मला वाटत होतं ही आता माझ्या हातात जाणार. पाणी निवलं, मी पुन्हा तापवून आणलं, ते निवलं. दुपार कलली तेव्हा ते सुटलं. कवचच नव्हतं त्याला, नुसती कातडी. कवडी उठली, अंग झाडलं, आपल्या दोघींच्या अंगावर पाणी उडवलं आणि कोंडा खायला गेली. तू तिथेच बसलीस आणि रडायला लागलीस. मला वाटलं आनंदानं रडतेस. तू म्हणालीस, "माह्या मायनं देल्ली होती वं हे. हिची आजी."

मग ती लसीची गोष्ट. पशुदवाखान्यातले साहेब आपल्या गल्लीत येऊन सांगून गेले होते, की राणीखेतची लस टोचून घ्या, उन्हाळ्यात मानमोडी येते. पण शीशी एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, एका घरासाठी फोडता येत नाही. तेव्हा अख्ख्या गल्लीनं एका सकाळी कोंबड्या न सोडता कोंडून ठेवायच्या, ते येऊन टोचून जातील. साधी गोष्ट होती. फक्त मोहफुलं सुरू झाली होती. पहाटे अंधारात सगळी गल्ली जंगलात, घरात राहिले म्हातारे आणि मी. मी संध्याकाळी दारोदार फिरले. जो तो म्हणाला, मोह संपू दे. तूही म्हणालीस. "मोह कोनाच्यासाठी थांबते का वं? आज नाई येचलं तं रानडुकरं खातीन. लस काय, आठ दिसानं टोचू." मी एकटीनं साहेबांना काय सांगायचं? मी म्हटलं, मोह संपला की कळवते.

मोह संपायच्या आत मानमोडी आली. आधी वरच्या गल्लीत, मग नळाजवळच्या घरात. एका सकाळी आपल्या खुराड्यात हिरवी पातळ विष्ठा दिसली आणि तू माझं नाव घेऊन हाक मारलीस. ती हाक मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. लाल कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेत होती. संध्याकाळपर्यंत तिची मान पिळायला लागली, चोच आभाळाकडे, आणि ती गोल गोल फिरत राहिली. आपण तिला बाजूला काढलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. आपण लसूण चारला, हळद चारली, साहेबांना फोन केला. ते म्हणाले, आता लसीचा उपयोग नाही, आजारी वेगळ्या करा, मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका, आणि एकही कोंबडी गावाबाहेर नेऊ नका, पायाच्या मातीनंही रोग जातो. मी तुला शब्दन् शब्द सांगितला.

आमच्या ह्यांनी त्यात तेल ओतलं. कोंबडी आपोआप मेली तर आम्हाला ती हराम, म्हणून त्यांनी एक बरी दिसणारी कोंबडी घाईघाईनं कापली, आणि पिसं-आतडी गटारीच्या काठाला टाकली. कावळे आले, कुत्री आली, त्यांनी ते चारी अंगणांत ओढत नेलं. तू कुडाशी येऊन त्यांना जे बोललीस ते मी लिहीत नाही. ते कधी कुणाचं ऐकून घेत नाहीत, पण त्या दिवशी खाली मान घालून फावडं घेऊन गेले. तुझं बरोबर होतं. मी ते त्यांच्यासमोरही म्हटलं.

आणि त्याच संध्याकाळी तू टोपलं काढलंस.

मी बघितलं तेव्हा तू टोपल्यात पळसाची पानं अंथरत होतीस. उरलेल्या चांगल्या कोंबड्या, कवडी त्यांच्यातच, पाय बांधून बाजूला ठेवलेल्या. मी विचारलं काय चाललंय. तू म्हणालीस, भावाकडे नेते. मला माहीत होतं तू असंच म्हणणार. मानमोडी आली की इकडे सगळेच हे करतात. चांगल्या कोंबड्या माहेरी पोचवायच्या, बहिणीकडे पोचवायच्या, मुलीच्या सासरी पोचवायच्या, रोग गेला की परत आणायच्या. आमच्यातही करतात, माझ्या सासूनं आष्टीला पोचवल्या होत्या. माया असते त्यात. आणि त्याच टोपल्यातून मानमोडी एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जाते.

मी म्हटलं, "जैनी, नेऊ नोको. वरून चांगल्या दिसून राह्यल्या, पन आतमंदी रोग असन. साहेब काय म्हनले ते सांगतलं ना तुले."

"साहेबाले काय जाते सांगाले? इथी ठेवल्या तं मरतेतच."

"अन् तिथी नेल्या तं पांडूभाऊच्याबी मरतीन. त्याच्याच काऊन, साऱ्या गावच्या मरतीन."

तू बांधलेले पाय पुन्हा तपासत होतीस. वर न बघता म्हणालीस, "पंडुम तोंडावर हाये. पेरनीच्या आधी घरोघरची कोंबडी लागते देवाले. माह्या हातानं वाढवलेली एक तरी तिथी पायजे."

"अन् तुह्यानं गावात घरोघरची कोंबडी मेली, तं देवाले काय देतीन थे लोकं?"

तेव्हा तू उभी राहिलीस. तुझा तेव्हाचा चेहरा मला आजही डोळ्यांपुढे आणवत नाही. "तू आमच्या देवाच्या मधात कायले येऊन राह्यली वं, नसीम?"

इतक्या वर्षांत आपल्यामध्ये हा शब्द आला नव्हता. आमच्या रमजानात तू अंगणवाडीतून येताना माझ्यासाठी बर्फ घेऊन यायचीस. तुमच्या सणाला मी तुझ्या चुलीशी बसून भाकऱ्या थापायची. आणि आता "आमच्या" आणि "तुमच्या". माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "ने. न्यायच्या तं ने. पन मंग या कुडाले पाय लावू नोको." आणि घरात येऊन मशीनवर बसले. काहीतरी उलटसुलट शिवत राहिले.

सकाळी तुझ्या घराला कडी होती. टोपलं नव्हतं, कोंबड्या नव्हत्या. दिवस मावळताना तू आलीस, रिकामं टोपलं कमरेला लावून. पायाला चिखल. मी कुडाशी उभी होते आणि तू मला बघितलंस. मी वाट बघितली, तू काहीतरी बोलशील म्हणून. तू आत गेलीस आणि दार लावून घेतलंस.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला, जैनी. तुला वाटलं असेल मी रुसले. रुसले होतेच, पण त्याहून जास्त घाबरले होते. तुझ्या माहेरच्या वाटेनं येणारा माणूस दिसला की माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे. दुकानात कुणी तिकडून आलं की मी ह्यांना डोळ्यांनी खुणावायची, विचारा ना. हे विचारायचे, काय खबर? तो म्हणायचा, ठीक आहे. कोंबड्यांचं विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही. पांडूभाऊचा नंबर माझ्याकडे होता. मी तो काढायची आणि ठेवून द्यायची. काय विचारणार होते? तुमची बहीण तुमच्या गावात रोग घेऊन आली का? मग पंडुमचे दिवस आले. तू गेली नाहीस. दरवर्षी जाणारी तू, यंदा घरी बसलीस आणि मी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. वाटलं, गावानं येऊ नको म्हटलं असणार. तिथे एकही कोंबडी उरली नसणार.

आणि तू रोज दुपारी कुठे जात होतीस? उन्हात, डोक्याला फडकं बांधून, तू जंगलाच्या बाजूला जायचीस आणि तिन्हीसांजेला यायचीस. मी तेंदूपत्त्याला जात असशील असं धरून चालले. तेंदू संपला तरी तू जात होतीस. विचारायला तोंड नव्हतं मला, मीच तर कुडाला पाय लावू नको म्हटलं होतं. तू पाळलंस ते. एकदाही कुडाजवळ आली नाहीस. मीठ लागलं तर दुकानातून आणलंस.

ताप आल्याचंही मला तुझ्या कण्हण्यावरून कळलं. मी पेज घेऊन आले तेव्हा तू पडून होतीस आणि तरी म्हणालीस, काही नाही, उन्हाचं आहे. कोंबडीला शिंक आली तर तू तिच्या नाकाला तेल लावणार आणि स्वतःच्या अंगातली थंडी उन्हावर ढकलणार. मी तुझ्यावर ओरडले. तू ओरडू दिलंस. मी तुझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, तू माझं मनगट धरलंस, आणि मला वाटलं आता विचारावं. मी विचारलं, "कुठी गेलती वं तू, टोपलं घेऊन?"

तू म्हणालीस, "पानी दे."

दुसऱ्या दिवशी तू मला ओळखेनाशी झालीस. इथल्या दवाखान्यातून गडचिरोलीला नेलं, पांडूभाऊ तिकडेच आला. मी अँब्युलन्सच्या दारापर्यंत होते. ते माझं आणि तुझं शेवटचं बोलणं, पाणी दे. पाणी दिलं एवढं तरी झालं, असं मी मनाला सांगत होते. त्यानं भागत नव्हतं. तू माझ्यावर रागावून गेलीस, हे मला सलत होतं. आणि तू ऐकलं नाहीस म्हणून माझाही राग गेला नव्हता. मेलेल्या माणसावर रागावून राहणं फार वाईट असतं गं. नमाजानंतर तुझ्यासाठी दुआ मागायला हात वर केले, की आधी भांडणच तोंडात यायचं.

काल पांडूभाऊ आला.

मला वाटलं तुझं घर आवरायला आला असेल. मी बाहेर आले तर तो कुडाच्या पलीकडे, रस्त्यावरच उभा. डोक्यावर टोपलं, वर पानं झाकलेली, आणि आतून कुरकुर ऐकू येत होती. मी म्हटलं, "भाऊ, कोंबड्या? कुठच्या?"

"माह्या घरच्या, बाई. दोन तलंगा, अंड्यावर आलेल्या, अन् एक कोंबडा. तुमच्यासाठी आनल्या."

"तुमच्याकडच्या जिवंत हायेत?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "जिवंत काऊन नाई राहातीन? आमच्या गावात मानमोडी आलीच नाई यंदा. पंडुमले घरोघरची कोंबडी होती."

मी कुडाचा बांबू धरला. "पन जैनी तं तुमच्याकडं घेऊन आल्ती ना?"

"कुठी आली? नाल्याच्या अलीकडंच थांबली ना ते. मी पाहाले गेलतो, वाटलं पंडुमच्या कामाले येऊन राह्यली. तं ते तिकडूनच बोंबलली, इकडं येऊ नोको गा, माह्या कोंबड्या बिमार हायेत. मी म्हनलं बिमार कुठी हायेत, चांगल्या तं दिसून राह्यल्या. ते म्हने, वरून चांगल्या दिसतेत, आतमंदी रोग हाये, नसीम म्हनते. मी पान्यात पाय टाकला तं गोटा उचलला तिनं माह्यावर."

त्यानं पुढचंही सांगितलं. नाल्याच्या अलीकडे पडीक धानाच्या बांधीतल्या मोडक्या मांडवाखाली तू कोंबड्या ठेवल्यास. रोज दुपारी जाऊन दाणापाणी करायचीस. त्या एकेक करून गेल्या. तू प्रत्येकीला खोल खड्डा केलास, घरून चुना नेऊन वर टाकलास. कवडी सगळ्यांत शेवटी गेली. सगळ्या संपल्यावरही तू जात राहिलीस, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काट्या रचायला. पंडुमला भावानं बोलावलं तेव्हा तू त्याला सांगितलंस, माझ्या पायाला रोगाची माती आहे, मी गावात पाय ठेवणार नाही. पायाची माती. तेही साहेबांनी सांगितलं होतं आणि मी तुला सांगितलं होतं.

जैनी, मी तिथे उभी राहून काय ऐकत होते ते मला तेव्हा नीट कळतही नव्हतं. माझा शब्दन् शब्द तू पाळलास. साऱ्या गावच्या कोंबड्या वाचवल्यास, घरोघरचा पंडुम वाचवलास, आणि कुडाच्या इकडे मी तुला मनातल्या मनात बोल लावत बसले होते. इतकं करून मला एक शब्द सांगता आला नाही तुला? मी नाचले असते का तुझ्यापुढे, बघ कसं माझंच खरं झालं म्हणून? हो, थोडी नाचले असते. तेवढं सोसायचं होतंस. आणि त्या नाल्यावर, त्या पडक्या मांडवात, संध्याकाळी डास किती असतात हे मला माहीत आहे. तू घरातच बसली असतीस तर, हा विचार कालपासून माझ्या डोक्यातून जात नाही. पांडूभाऊला मी तो बोलून दाखवला. तो म्हणाला, बाई, डास आमच्या घरातबी हायेत. माझं समाधान झालं नाही, पण त्यानं माझ्यासाठी ते म्हटलं हे मला कळलं.

तो अजून रस्त्यावरच उभा होता, टोपलं डोक्यावर. ऊन चढलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, टोपलं खाली ठेवा, पानी घ्या." तो हलला नाही. मी तुझ्या अंगणाकडे बघितलं. खुराडं तसंच होतं. आतला भुसा तसाच, कोपऱ्यात वाळलेली घाण तशीच. मी अजून तिथे चुना मारलेला नव्हता, काही जाळलेलं नव्हतं, माझे हातच गेले नव्हते. आणि समोर माणूस, सख्ख्या बहिणीची माती देऊन नुकताच उठलेला, एवढ्या लांबून तिच्या नावानं तीन जीव घेऊन आलेला. कोणत्या तोंडानं नको म्हणायचं? एकदा तुला नको म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते मी बघितलं होतं. माझ्या जिभेवर ठेवा आलं होतं. खरंच आलं होतं.

मी म्हटलं, "भाऊ, नाई. आता नोको. खुराड्यात रोग हाये अजून. भुसा जाळाले पायजे, चुना माराले पायजे, मंग खुराडं काही दिस रिकामं ठेवाले पायजे. आता ठेवल्या तं ह्याबी मरतीन."

मला वाटलं त्याला वाईट वाटेल. तो हसला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता.

"मले मालूम होतं, बाई. गडचिरोलीले दवाखान्यात तिले जरासाक होश आलता. म्हने, आपल्या घरच्या तलंगा नसीमले नेऊन देजो. पन तिले इच्यारल्याबिगर टोपलं खाली ठेवू नोको. ते पयले नाईच म्हनन. नाई म्हनली का वापस घेऊन जाजो. अन् ते हो म्हनन तवाच आनजो."

तो पाणी उभ्याउभ्याच प्याला, टोपलं डोक्यावरून न उतरवता. मग आल्या वाटेनं परत गेला. मी तुझ्या अंगणात आले, पदर कमरेला खोचला आणि खुराड्यातला भुसा ओढून बाहेर काढायला लागले.